पंधरवड्यात दोन ग्रहणे: दुर्मिळ नव्हे, नेहमीचेच

‘पंधरा दिवसांत दोन ग्रहणे, दुर्मिळ योग!’ हा संदेश दरवेळी फिरतो. चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे; म्हणून दर अमावास्या-पौर्णिमेला ग्रहण होत नाही. सूर्य या दोन मार्गांच्या दोन छेदनबिंदूंपैकी (राहू किंवा केतू) एकाजवळ असावा लागतो, ही अट दोन्ही ग्रहणांना सारखीच. सूर्य असा जवळ असण्याचा काळ साधारण ३४ दिवसांचा, दर १७३ दिवसांनी येणारा. एवढ्यात एक अमावास्या आणि एक पौर्णिमा सापडतेच, म्हणजे जोडी ठरलेलीच! कधी तीनही होतात: २०२० मध्ये ५ जून, २१ जून, ५ जुलै. त्यातली दोन चंद्रग्रहणे छायाकल्प, म्हणजे चंद्र पृथ्वीच्या फक्त विरळ सावलीतून जाणारी, डोळ्यांना जेमतेम जाणवणारी. म्हणूनच जोडी अनेकदा लक्षात येत नाही.