ठेका धरणारा पाय

इंटरव्हलला अजून दहा मिनिटं असतील. पडद्यावर आडगावातलं एक सभागृह, पांढऱ्या कपड्यातली शे-दीडशे माणसं आणि मधोमध गुडघ्यावर बसवलेला एक पोरगा. कुणी ओरडत नाही, कुणाचे डोळे लाल नाहीत. सगळे नुसते मांडीवर तळवा मारतायत. धप्, धप्‌-धप्. धप्, धप्‌-धप्. गुरूचं बोलणं हळूहळू त्या ठेक्यात विरघळत जातं आणि आता काय होणार ते अख्ख्या थिएटरला कळून चुकतं. तेवढ्यात शेजारी बसलेला माझा भाचा कानाशी आला आणि म्हणाला, "मामा, पाय."

माझा उजवा पाय त्या ठेक्यावर हलत होता.

पिक्चरचं नाव सांगत नाही, बघायला जाणाऱ्यांचा रसभंग नको. धर्माच्या नावानं एक पंथ माणसं मारायला लागतो, एवढंच कथानक. भूत नाही, हडळ नाही. तरी बाहेर पडताना भाचा म्हणाला, "भुताचा पिक्चर परवडला." का परवडला, हा प्रश्न मला त्या रात्रीपासून चिकटलाय.

भुताच्या पिक्चरमधली दचक सोपी असते. अचानक मोठा आवाज झाला की पापणी मिटते, मान आखडते, खांदे वर जातात. हा मेंदूच्या बुडातला, मेंदूस्तंभातला प्रतिक्षेप आहे. पापणी मिटायला सेकंदाचा पंचविसावा भागही पुरतो. आपण घाबरलोय हे आपल्याला कळायच्या आत शरीर घाबरून मोकळं झालेलं असतं. कोल्हापूरला हा धंदा नवा नाही. बाबूराव पेंटरांनी इथं 'सैरंध्री' काढला, १९२० साली तो पडद्यावर आला. त्यातला कीचकवध लोकांना इतका खरा वाटला की ते दृश्य कापावं लागलं. मूकपट होता, म्हणजे दचकवायला आवाजाचीही सोय नव्हती!

दुसरी भीती मात्र बाहेरून येत नाही. मेंदूत कानाच्या पातळीवर, दोन्ही बाजूंना बदामाएवढा एकेक भाग असतो, अमिग्डाला. धोका ओळखण्यात त्याचा मोठा वाटा. अमेरिकेतल्या एका बाईंच्या दोन्ही बाजूंचा अमिग्डाला दुर्मीळ आजारात निकामी झाला. शास्त्रीय साहित्यात त्यांना नुसतं 'एस. एम.' म्हणतात. संशोधकांनी त्यांना साप दाखवले, भीतिपट दाखवले, भुताटकीच्या घरात फिरवून आणलं. बाई घाबरल्या नाहीतच, उलट तिथल्या राक्षसाच्या वेषातल्या माणसाला कुतूहलानं हात लावून आल्या. हे २०११ साली प्रसिद्ध झालं. दोन वर्षांनी आणखी एक निष्कर्ष आला: त्याच बाईंना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगायला दिली, तेव्हा त्या जिवाच्या आकांतानं घाबरल्या. साप बाहेर असतो. गुदमरणं आतून येतं, आणि त्याची वाट अमिग्डालावाचूनही उघडी राहते.

माझ्या पायाचं आणि कार्बन डायऑक्साइडचं काही नातं नाही, हे आधीच कबूल. पण त्या दिवशी मला वाटलेली भीती आतली होती. पडद्यावरच्या मारेकऱ्यांची नव्हे, स्वतःच्या पायाची.

हा पाय मला ओळखीचा आहे. चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर एकदा जरी गेला असाल तर तुम्हालाही. गुलालानं वाट, कपडे, पापण्या सगळं एकरंगी झालेलं. उंचच उंच सासनकाठी एक गडी कमरेच्या आधारानं पेलतो, बाकीचे चारी बाजूंनी दोर ताणून तोल सांभाळतात. हलगी तापलेली असते. "चांगभलं" अशी आरोळी उठली की अंगावर काटा येतो, डोळ्यांत पाणी येतं. मी फारसा देवभोळा नाही. काटा तरीही येतो.

या काट्याचा अभ्यास झालाय, फक्त डोंगर वेगळा. स्पेनमधल्या सान पेद्रो मान्रिके या खेड्यात दरवर्षी २३ जूनच्या रात्री लोक निखाऱ्यांवरून चालतात, बहुधा पाठीवर जवळच्या माणसाला घेऊन. संशोधकांनी चालणाऱ्यांच्या आणि बघणाऱ्यांच्या छातीवर हृदयाचे ठोके मोजणारे पट्टे बांधले. चालणाऱ्याचे ठोके जसे चढत-उतरत, तसेच कडेला नुसते बसलेल्या त्याच्या नातलगांचे आणि मित्रांचे. ज्यांचं चालणाऱ्याशी काही नातं नव्हतं, अशा पाहुण्यांची हृदयं मात्र आपापल्या चालीनं चालली होती. म्हणजे हा नुसता गोंगाटाचा परिणाम नव्हे. आपलं माणूस निखाऱ्यावर असावं लागतं.

ऑक्सफर्डमध्ये नाव वल्हवणाऱ्या खेळाडूंवर २०१० च्या सुमारास एक छोटा प्रयोग झाला. व्यायाम तेवढाच, एकदा एकट्यानं, एकदा सगळ्यांनी एका तालात. नंतर रक्तदाब मोजायचा पट्टा दंडावर आवळत न्यायचा आणि कुठं असह्य होतं ते बघायचं. तालात वल्हवल्यावर माणसं जास्त दुखणं सोसत होती. शरीर स्वतःच बनवतं त्या अफूसारख्या रसायनांचा, एंडॉर्फिनचा, हा परिणाम असावा असा अंदाज आहे. हलगीपुढं तीन तास नाचलेल्या पोराला पायाचे फोड घरी आल्यावर दिसतात, ते उगाच नाही.

इथवर सगळं गोडच आहे. एका तालात चाललेली माणसं नंतर एकमेकांना जास्त मदत करतात, हेही प्रयोगांत दिसलंय. पण त्याच वाटेवर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्कॉट विल्टरमथ यांनी एक पाऊल पुढं टाकलं. काही जणांना प्रयोग घेणाऱ्याच्या पावलाशी पाऊल जुळवून चालायला लावलं, काहींना आपापल्या चालीनं. मग त्यांच्यापुढं दगड-लाकडाखाली सापडतात तसले छोटे किडे ठेवले आणि ते मारायच्या यंत्रात टाकायला सांगितलं. पाऊल जुळवून चाललेल्यांनी जास्त किडे टाकले. राग नव्हता, किड्यांशी वैर नव्हतं. नुसतं थोडं अंतर बरोबर चालणं झालं होतं, आणि ज्याच्याबरोबर चाललो त्यानं सांगितलं होतं.

पिक्चरच्या दिग्दर्शकानं हे अर्ध्यापर्यंत अचूक पकडलं आणि मग पळवाट काढली. उत्तरार्धात कळतं की प्रसादात गुंगीचं औषध होतं. थिएटरात "आऽ" झालं. मला चरफडायला झालं. औषधाची गरजच नव्हती, ते पहिल्या तासात त्यानंच दाखवलं होतं!

औषधावाचून हे कसं घडतं, ते बघायला १९७८ चं गयाना पुरे. जिम जोन्स या अमेरिकन धर्मगुरूनं जंगलात वसवलेल्या जोन्सटाऊनमध्ये १८ नोव्हेंबरला नऊशेहून जास्त माणसं मेली, त्यातली जवळपास एक तृतीयांश अल्पवयीन. सायनाइड सरबतातून दिलं, पण ते शेवटी. त्याआधी कित्येक महिने रात्री-अपरात्री ध्वनिक्षेपकावरून हाक येई, सगळे जमत, शत्रू आलाय असं सांगितलं जाई, मरणाची रंगीत तालीमसुद्धा होई. 'व्हाइट नाइट' म्हणत तिला. या प्रकाराला सर्रास सामूहिक आत्महत्या म्हणतात, ते मला पटत नाही. मुलांना कुणी विचारलं होतं? भोवती बंदूकवाले पहारेकरी उभे होते.

आणि हे अडाण्यांचं काम, असंही समजू नये. २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन हा विषारी वायू सोडणाऱ्या ओम शिनरिक्यो पंथात रसायनशास्त्रज्ञ होते, अभियंते होते. वायू सोडणाऱ्यांतला एक जण हृदयशस्त्रक्रिया करणारा डॉक्टर होता. पंथाचे अनुयायी डोक्याला विद्युत्‌-अग्रं लावलेली टोपी घालून बसत, कशासाठी, तर आपल्या मेंदूच्या लहरी गुरूच्या लहरींशी जुळाव्यात म्हणून. ठेका धरायचंच यंत्र ते, फक्त महागडं.

पण नुसत्या ठेक्यानं कुणी खून करत नाही, नाहीतर गणपतीच्या मिरवणुकीनंतर शहरात कोण उरलं असतं? त्याला आणखी काहीतरी जोडावं लागतं. मानसशास्त्रज्ञ विल्यम स्वान आणि आंखेल गोमेझ एक साधी चित्रपट्टी दाखवतात. छोटं वर्तुळ म्हणजे तुम्ही, मोठं म्हणजे तुमचा गट. कुठल्या चित्रात तुम्ही आहात? बहुतेकजण थोडी एकमेकांत शिरलेली वर्तुळं निवडतात. काहीजण मात्र छोटं वर्तुळ पूर्ण पोटात गेलेलं चित्र निवडतात, आणि गटासाठी लढायला, मरायलाही तयार असल्याचं तेच जास्त सांगतात. शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल सामन्याला जाऊन बघा, हे चित्र तिथं जिवंत दिसतं. गोल झाला की "आम्ही मारला" म्हणणाऱ्यानं शाळेनंतर चेंडूला पाय लावलेला नसतो.

यात तिसरी गोष्ट मिसळली की मात्र प्रकरण हाताबाहेर जातं: अमुक मूल्य पवित्र आहे, त्याचा सौदा नाही. अशा माणसाला तडजोडीसाठी पैसे देऊ केले तर तो मऊ पडत नाही, उलट भडकतो. पॅलेस्टिनी निर्वासित आणि इस्रायली वसाहतकरी, दोन्हीकडं हे दिसलं आणि २००७ साली प्रसिद्ध झालं. बार्सिलोनात आणखी एक गोष्ट आढळली. संगणकावरच्या चेंडूफेकीच्या खेळात काही तरुणांना मुद्दाम चेंडू देणं बंद केलं. पोरं आपल्याला खेळायला घेत नाहीत, एवढंच. त्यानंतर एरवी तडजोडीला मोकळ्या असलेल्या गोष्टींसाठीही ते लढा-मरायची भाषा जास्त करू लागले, आणि मेंदूच्या चित्रांतही त्या गोष्टी पवित्र मूल्यांसारख्या दिसायला लागल्या. आमच्या गल्लीत सगळ्यात लहान पोराला निदान लिंबूटिंबू म्हणून तरी घेत असत.

कोल्हापुरात हा विषय पडद्यावर संपत नाही. १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून येणाऱ्या कॉम्रेड गोविंद पानसरे आणि उमाताईंवर याच शहरात गोळ्या झाडल्या गेल्या. २० तारखेला पानसरे गेले. प्रकरण न्यायालयात आहे, म्हणून कुणी आणि का यावर मी काही लिहीत नाही. पण त्या थिएटरात गोळीचा आवाज झाला तेव्हा मागच्या रांगेतलं कुणीतरी उठून बाहेर गेलं. ते पॉपकॉर्नसाठीही असेल. मला तसं वाटलं नाही.

शो सुटल्यावर आम्ही गंगावेशीत दूध प्यायला गेलो. कट्ट्यावर म्हशी बांधलेल्या, पुढ्यात धार काढून फेसाचा ग्लास हातात. भाच्याच्या ओठावर पांढरी मिशी उमटलेली.

"पण मामा, त्या शंभरात एकजणपण कसा नाही उठला?"

खऱ्यात उठली होती, मी सांगितलं. जोन्सटाऊनच्या शेवटच्या सभेचं ध्वनिमुद्रण आहे. त्यात क्रिस्टीन मिलर नावाची बाई गुरूशी वाद घालताना ऐकू येते. दुसरी वाट नाही का, मुलांना जगायचा हक्क नाही का, असं ती शांतपणे विचारत राहते. सॉलोमन अ‍ॅश यांचे १९५० च्या दशकातले रेघांच्या लांबीचे प्रयोग मी त्याला सांगितले. सगळे मिळून धडधडीत चूक उत्तर देतात तेव्हा एकटा माणूस पुष्कळदा त्यांच्या मागं जातो. पण आणखी एकानं जरी खरं उत्तर दिलं, तर हे मागं जाणं साधारण चौथ्या हिश्शावर येतं. एक पुरतो.

त्यानं ग्लास खाली ठेवला. "मग तिच्या बाजूनं दुसरं कोण बोललं?"

टेपवर तिच्यानंतर ऐकू येतो तो तिला गप्प बसवणारा गलका.