खुर्चीतला तास आणि घरचे चौदा दिवस : दात पांढरे करण्यामागची हकीकत

"दवाखान्यात करून घेऊ, की घरच्या घरी?" दात पांढरे करायचे मनात आले की पहिला प्रश्न हाच येतो. विचारणाऱ्याची समजूत अशी असते की हे दोन अगदी वेगळे उपाय आहेत. पण दंतवैद्याच्या खुर्चीत निळ्या दिव्याखाली तासाभरात होणारे ब्लीचिंग घ्या, नाहीतर रात्री दातांवर औषध भरलेला ट्रे घालून झोपायचे दोन आठवड्यांचे ब्लीचिंग घ्या, दोन्हीकडे राबते ते द्रव्य एकच, हायड्रोजन पेरॉक्साइड. फरक आहे तो तीव्रतेचा, वेळेचा आणि लक्ष कोण ठेवतो याचा. दवाखान्यातली ही गोष्ट घरात आली कशी, ते कळले की निवड बरीच सोपी होते. म्हणून ती हकीकत इथे सांगावीशी वाटते.

पांढऱ्या दातांचा सोस जुनाच. रोमन कवी कॅटलसने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात एग्नेशियस नावाच्या माणसाची यथेच्छ टिंगल केली आहे. हा गृहस्थ दात चमकवायला मूत्राने घासतो, असा त्याचा आरोप. ऐकून किळस येते, पण त्यामागे रसायनशास्त्र आहे. साठवलेल्या मूत्रातल्या युरियाचा जिवाणूंमुळे अमोनिया होतो आणि अमोनिया मळ काढतो. रोमन परीट कपडे धुवायला तेच वापरत. युरियाचे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे. नंतरच्या काळात युरोपातले न्हावी-शल्यवैद्य दात कानशीने घासून त्यावर आम्ल लावत. दात त्या दिवशी पांढरे दिसत, पण दाताचे वरचे कठीण कवच, म्हणजे इनॅमल, झिजलेले असे, आणि एकदा गेलेले इनॅमल शरीर परत तयार करत नाही. खरखरीत पावडरी आणि कोळशाच्या पेस्ट आजही याच वाटेने जातात: वरचा डाग खरवडतात, दाताचा मूळ रंग मात्र तसाच राहतो.

मूळ रंग बदलणारे द्रव्य 1818 मध्ये हाती आले. लुई जाक थेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने बेरियम पेरॉक्साइडवर आम्लाची क्रिया करून हायड्रोजन पेरॉक्साइड मिळवले. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा आणखी एक अणू बसवला की जे होते ते हे. तो जास्तीचा ऑक्सिजन तिथे सुखाने नांदत नाही, सुटू पाहतो. दाताच्या बाबतीत सगळी किमया या सुटण्यातच आहे. रेणू इतका लहान की इनॅमलमधून झिरपून त्याच्या आतल्या थरापर्यंत, डेंटिनपर्यंत पोहोचतो आणि तिथल्या रंगद्रव्यांच्या मोठ्या साखळ्या तोडतो. तुटलेले तुकडे प्रकाश पूर्वीसारखा शोषत नाहीत, म्हणून दात उजळ दिसतो. डाग धुतला जात नाही, जागच्या जागी फिका पडतो.

दंतवैद्यांना मात्र आधी निकड होती ती मेलेल्या दाताची. मार बसून आतली नस गेली की समोरचा एखादा दात करडा, कधी काळपट होतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अशा दातांवर क्लोरीनयुक्त चुन्याचे प्रयोग सुरू झाले आणि शतक संपता संपता पेरॉक्साइड दवाखान्यात आले. पुढे 30 टक्क्यांच्या आसपासचे तीव्र द्रावण आणि जोडीला उष्णता, कधी दिव्याची तर कधी तापवलेल्या हत्याराची, अशी पद्धत रूढ झाली. आज दवाखान्यात दिसणाऱ्या दिव्याचे मूळ हे आहे.

जिवंत दातांच्या डागांकडे लक्ष वेधले ते अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्जने. 1901 मध्ये फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य तिथे प्रॅक्टिसला आला, तर गावात जन्मलेल्या कितीतरी जणांच्या दातांवर तपकिरी डाग. लोक त्याला 'कोलोरॅडोचा तपकिरी डाग' म्हणत. मॅकेने हा विषय तीस वर्षे सोडला नाही. 1931 मध्ये एच. व्ही. चर्चिल या रसायनशास्त्रज्ञाने पिण्याच्या पाण्यात प्रमाणाबाहेर फ्लोराइड शोधून काढले, तेव्हा कोडे सुटले. असे डागाळलेले दात कमी किडतात, हे निरीक्षणही मॅकेचेच. फ्लोराइडच्या टूथपेस्टची वाट तिथून निघाली, पण तो वेगळा विषय. आपल्या हकीकतीत या डागांचे महत्त्व एवढेच की ते घालवण्याच्या खटपटीत आम्ले, पेरॉक्साइड आणि उष्णता जिवंत, दुखणाऱ्या दातांवर वापरून पाहिली गेली.

1961 मध्ये एक छोटा बदल झाला. माझ्या मते घरच्या ब्लीचिंगची पहिली पायरी तीच, जरी कोणी तिला तसे म्हणत नाही. रूट कॅनाल झालेल्या दाताच्या पोकळीत सोडियम परबोरेट आणि पाण्याचा लगदा भरायचा, वरून तात्पुरते सिमेंट लावायचे आणि पेशंटला घरी पाठवायचे, अशी पद्धत स्पासर या दंतवैद्याने मांडली. औषध आत हळूहळू काम करत राहते आणि माणूस आपल्या उद्योगाला लागतो. इंग्रजीत या पद्धतीच्या नावातच 'चालते' ब्लीच असा शब्द आहे. दोन वर्षांनी पाण्याऐवजी तीव्र पेरॉक्साइड घालण्याची सुधारणा आली. तिचा तोटा 1979 मध्ये पुढे आला: तीव्र पेरॉक्साइड आणि उष्णता मिळून काही दातांची मुळे हिरडीच्या रेषेजवळ बाहेरून विरघळू लागल्याचे दिसले. तेव्हापासून मेलेल्या दाताच्या आत उष्णता देण्याचे प्रस्थ ओसरले. सावकाश काम करणारे सौम्य औषध हे तीव्र आणि झटपट औषधापेक्षा पुष्कळदा बरे, हा धडा या क्षेत्राला इथे मिळाला.

तोच धडा त्याआधी दुसरीकडे योगायोगाने मिळाला होता. 1968 च्या सुमारास आर्कान्सामधल्या फोर्ट स्मिथ इथले बिल क्लुस्मायर, व्यवसायाने दात सरळ करणारे, सुजलेल्या हिरड्यांच्या पेशंटना एक औषध देत. तोंडातल्या जखमांसाठी दुकानात सहज मिळणारे जंतुनाशक होते ते, 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड. रात्री दातांवर घालायच्या साच्यात ते भरायचे आणि झोपायचे. हिरड्या बऱ्या झाल्या, आणि दातही उजळले. पुढे त्यांनी जास्त घट्ट औषध घेतले, कारण पातळ औषध साच्यातून ओघळून जाई. दंतवैद्यांच्या बैठकांत त्यांनी हे सांगितले, काहींनी करून पाहिले, पण वीस वर्षे ही गोष्ट तोंडोतोंडीच राहिली.

कार्बामाइड पेरॉक्साइड म्हणजे युरिया आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांची जोडी. तोंडात ती फुटते आणि 10 टक्क्यांच्या जेलमधून साधारण 3.5 टक्के पेरॉक्साइड आणि 6.5 टक्के युरिया सुटतो. रोमन माणसाच्या हाती निम्मे सूत्र दोन हजार वर्षांपूर्वीच होते, हे वाचताना मला दरवेळी नवल वाटते.

1989 मध्ये हेवूड आणि हेमन या दंतवैद्यांनी रात्रीच्या ट्रेची ही पद्धत रीतसर लेख लिहून मांडली. त्याच वर्षी या कामासाठी खास बनवलेले उत्पादन बाजारात आले आणि चित्र पालटले. ट्रे कसा असतो ते बघा. दंतवैद्य दातांचा ठसा घेतो, त्यावरून प्लास्टरचा साचा करतो, त्यावर मऊ प्लास्टिकचा पातळ पत्रा तापवून निर्वाताने ओढून बसवतो आणि हिरडीच्या कडेने कातरतो. ही कड महत्त्वाची. ती हिरडीवर चढली तर जेल हिरडीला लागते आणि तिथे पांढरा चट्टा उठून चुरचुरते. प्रत्येक दातापाशी साबुदाण्याच्या दाण्याएवढे जेल पुरते. त्याहून जास्त घातले की बाहेर येऊन गिळले जाते. कार्बामाइड पेरॉक्साइडचे दोन तासांनंतरही निम्म्याहून जास्त औषध शिल्लक असते, म्हणून रात्रभर घालण्यात अर्थ आहे. नुसत्या हायड्रोजन पेरॉक्साइडचा जोर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातच बराच सरतो. त्याचे ट्रे दिवसा थोडा वेळ लावतात ते यामुळेच.

या ट्रेची ताकद दिसली ती टेट्रासायक्लिनच्या डागांवर. 1948 पासून वापरात आलेली ही प्रतिजैविके दात घडत असताना पोटात गेली की कॅल्शियमला चिकटून दाताच्या आतच बसतात. पुढे उजेडाने तो पिवळेपणा करडा-तपकिरी होतो. एका तासाच्या बैठकीला असा दात दाद देत नाही. हेवूड यांच्या गटाने 1997 मध्ये सहा महिने रोज रात्री ट्रे घालायला लावून त्यांत सुधारणा दाखवली. चिकाटी असेल तर सौम्य औषध कुठवर पोहोचते, ते यातून दिसले.

ठसा, साचा, ट्रे ही सगळी दगदग 2001 मध्ये क्रेस्ट या टूथपेस्टच्या ब्रँडने आणलेल्या, दातांवर चिकटवायच्या पट्ट्यांनी काढून टाकली. पातळ, लवचिक पट्टीवर 5.3 टक्के पेरॉक्साइडचा थर, दिवसातून दोनदा अर्धा तास, चौदा दिवस. आता दंतवैद्याला विचारायचीही गरज उरली नाही. सोय मोठी, आणि सरळ, निरोगी दातांवर परिणामही खरा. पण पट्टी पुढच्या दातांपुरतीच, वाकड्या दातांच्या खाचांत ती नीट बसत नाही, आणि तोंडात किडलेला दात किंवा मोकळे पडलेले मूळ आहे का, ते खोक्यावर लिहिलेले नसते.

दवाखान्यातल्या पद्धतीनेही दरम्यान कात टाकली. आज 25 ते 40 टक्के पेरॉक्साइडचे जेल वापरतात. त्याआधी ओठ-गाल मागे धरून हिरडीवर घट्ट होणारा संरक्षक लेप लावतात. पंधरा-वीस मिनिटांच्या दोन-तीन फेऱ्या होतात. दिव्याबद्दल स्पष्ट बोलायला हवे: इतक्या तीव्र जेलसोबत दिवा लावल्याने कायमचा जास्त फायदा होतो, असे अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगत नाही. तासभर तोंड उघडे राहून दात कोरडे पडतात आणि कोरडा दात खऱ्यापेक्षा पांढरा दिसतो. लाळेने ओल परत आली की दोन-चार दिवसांत रंग थोडा खाली येतो. पेशंटला वाटते, आपण फसलो. आधी सांगितले असते तर वाटले नसते. ट्रेच्या दोन आठवड्यांइतका उजळपणा हवा तर खुर्चीत पुष्कळदा एकाहून जास्त बैठका लागतात.

मग हा उद्योग कोणी करायचा, यावर कायद्याची भांडणे झाली. युरोपीय संघात 31 ऑक्टोबर 2012 पासून नियम असा: 0.1 टक्क्यापर्यंतचे पेरॉक्साइड दुकानात कोणालाही मिळेल, 0.1 ते 6 टक्क्यांचे फक्त दंतवैद्याला विकता येईल. पहिला वापर त्याच्या देखरेखीत व्हायचा, बाकीचा घरी. अठरा वर्षांखालच्यांना ते द्यायचे नाही. दवाखाना आणि घर यांना एकत्र बांधणारी ही तडजोड मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या दंत मंडळाने मॉल-सलूनमध्ये दात पांढरे करणाऱ्यांना 'बंद करा' अशी पत्रे धाडली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 25 फेब्रुवारी 2015 रोजी निकाल 6 विरुद्ध 3 मतांनी मंडळाच्या विरोधात लागला. मंडळावर बहुमत प्रॅक्टिस करणाऱ्या दंतवैद्यांचे होते आणि सरकारची त्यांच्यावर नीट देखरेख नव्हती, त्यामुळे स्पर्धाविरोधी कायद्यातून त्यांना सूट मिळाली नाही. सलूनमधले ब्लीचिंग सुरक्षित आहे की नाही, हे त्या निकालाने ठरवलेले नाही. तसा अर्थ काढणारे चुकतात.

दात शिवशिवणे मात्र दोन्ही वाटांवर आहे. पेरॉक्साइड काही मिनिटांत नसेपर्यंत पोहोचते. तीव्रता जास्त, तर सळक जास्त. ट्रेवाल्याला एक रात्र सोडता येते, पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट लावून दोन दिवस थांबता येते. खुर्चीत बसलेल्याला जे व्हायचे ते एका दुपारी होऊन जाते. लग्न आठवड्यावर आले असेल तर खुर्ची बरी. दात आधीच शिवशिवत असतील, डाग जुने असतील, तर ट्रे. एकच दात काळा असेल तर पट्टी आणायच्या आधी एक्स-रे, कारण तो बहुधा आतून मेलेला असतो आणि त्याला आतूनच उपचार लागतो.

आणि ज्यांच्या पुढच्या दातांत फिलिंग किंवा कॅप आहे त्यांनी क्रम पाळावा. पेरॉक्साइड फक्त खऱ्या दाताला उजळवते, फिलिंगचा रंग आहे तसा राहतो. दंतवैद्य चिनीमातीच्या छोट्या दातांची सोळा रंगांची पट्टी नव्या फिलिंगचा रंग जुळवायला तुमच्या दातांशेजारी धरतो, ती ब्लीचिंग संपल्यावर लगेच नव्हे, त्यानंतर दोन आठवड्यांनी. तोवर रंग स्थिरावतो, दातात अडकलेला ऑक्सिजन निघून जातो आणि नवे फिलिंग पकड धरते.