जागरण वेगळं, गोंधळ वेगळा

लग्नसराई सुरू झाली की पत्रिकेच्या तळाशी 'जागरण-गोंधळ' ही ओळ हमखास येते. मधल्या त्या आडव्या रेघेने फार घोटाळा केला आहे. हे एकाच कार्यक्रमाचं लांबलचक नाव आहे असं समजून लोक पाहुण्यांना बोलावतात, कलावंतांची पार्टी ठरवतात आणि रात्रभर बसूनही आपण नेमका कोणाचा कुलाचार केला हे सांगू शकत नाहीत. बातम्यांत तर संबळ वाजवणाऱ्या गोंधळ्याच्या फोटोखाली 'वाघ्या-मुरळी' असं बिनदिक्कत छापलेलं असतं. हे वाचून वाचून कंटाळा आला, म्हणून एकदा नीट लिहितो.

मूळ गोष्ट दोन ओळींची आहे. जागरण खंडोबाचं, ते वाघ्या-मुरळी करतात. गोंधळ देवीचा, तो गोंधळी घालतात. लग्नानंतरचा गोंधळ बहुतेकांनी पाहिलेला असतो, त्यामुळे त्याचं फार वर्णन करत नाही: पूजेचा चौक मांडलेला, त्यावर घट, पेटती दिवटी, कवड्यांच्या माळा घातलेला नाईक म्हणजे मुख्य गोंधळी, बाजूला तुणतुणं आणि अधूनमधून प्रश्न विचारून हसवणारा साथीदार. आधी गण आणि देवतांचं आवाहन, मग आख्यान, शेवटी आरती.

आता खरी अडचण. दोन्ही रात्री होतात, दोन्ही कुलदैवतासाठी असतात, दोन्हींत चौक आहे, दिवटी आहे, तुणतुणं आहे, कथा आहे. मग ओळखायचं कशावरून? सगळ्यात जास्त लोक फसतात ते देवांच्या नावांवर. 'गाण्यात जेजुरीचं नाव आलं, म्हणजे हे जागरण' असा ठोकताळा मी असंख्य वेळा ऐकला आहे आणि तो साफ चुकीचा आहे. गोंधळी पहिल्यांदा काय करतो, तर सगळ्या दैवतांना बोलावतो. तुळजापूरची भवानी गोंधळाला ये, माहूरची रेणुका गोंधळाला ये, कोल्हापूरची अंबाबाई गोंधळाला ये. पुढे पंढरपूरचा विठोबा येतो आणि जेजुरीचा खंडोबाही येतो. म्हणजे खंडोबाचं नाव गोंधळात असतंच. तिकडे वाघ्याही तेच करतो: तोही भवानीला, इतर देवांना जागराला या म्हणून हाक घालतो. म्हणून आईचं नाव जागरणातही असतंच.

कोणाचं नाव आलं हे बघू नका, कोणाच्या घरी कोण आलं आहे ते बघा. गोंधळात देवी यजमान असते आणि खंडोबा पाहुणा. जागरणात खंडोबा यजमान आणि देवी पाहुणी. आवाहनाची यादी सारखी असली तरी ती संपल्यावर रात्र कोणाच्या कथेवर उभी राहते, त्यावर सगळं ठरतं. मणी आणि मल्ल या दैत्यांचा वध, म्हाळसेचं लग्न, चंदनपुरीच्या बाणाईसाठी देवाने धनगराच्या वाड्यावर राबणं, मग म्हाळसा-बाणाईचं भांडण असं रंगत गेलं, तर ते जागरण. गोंधळाच्या आख्यानाला विषयाची अशी एक चाकोरी नाही. देवीचं माहात्म्य असेल, पुराणातली कथा असेल, पोवाडाही असेल. अफझलखान वधाचा पोवाडा रचणारा अज्ञानदास गोंधळीच मानला जातो. पण आख्यान कुठलंही असो, 'उदे गं अंबे उदे' हा घोष मधून मधून येतच राहतो. जागरणात त्या जागी 'येळकोट येळकोट जय मल्हार' असतं.

शेवटाकडे बघितलं तर शंकेला जागाच उरत नाही. जागरणात विषम संख्येने माणसं भोवती बसून ताम्हनातली तळी उचलतात, खोबरं-भंडारा उधळतात. आणि पहाटेच्या सुमारास लंगर तुटतो. लंगर म्हणजे देवापुढे ठेवलेली लोखंडी साखळी. वाघ्या ती हातात घेतो, देवाचं नाव घेतो आणि हिसका देऊन तोडतो. त्या क्षणी दिमडी थांबलेली असते, पेंगुळलेली पोरंसुद्धा उठून बसतात. कडी निसटली की देव पावला असं घर मानतं आणि भंडाऱ्याची मूठ उडते. गोंधळात लंगर नाही. तिथे पेटता पोत म्हणजे देवीची मशाल, आणि आरती.

वाद्यांवरून ओळख पटकन पटते, पण तीही डोळे उघडे ठेवूनच. संबळ म्हणजे जोडलेले दोन लहान-मोठे ढोल, कमरेला बांधून काठ्यांनी वाजवायचे. हे गोंधळ्याचं वाद्य. दिमडी हे एका बाजूला चामडं मढवलेलं हातात मावणारं वाद्य, ते वाघ्याचं, आणि मुरळीच्या हातात घंटी म्हणजे घाटी. तुणतुणं दोघांकडे असतं, त्यावरून काहीच ठरत नाही. पिवळा रंग दिसला की खंडोबा, हाही अर्धवट नियम. जेजुरीला भंडारा उधळतात हे खरं, पण पट्टणकोडोलीच्या बिरदेवाच्या जत्रेतही भंडाऱ्याचा पाऊस पडतो आणि यल्लम्माच्या भक्तांच्या कपाळीही तो असतो. कुंकवाचा मळवट मात्र गोंधळ्याची चांगली खूण आहे.

माणसांतलाही फरक सांगितला पाहिजे, कारण तो कोणी सांगत नाही. गोंधळी हा पिढीजात समाज आहे. त्यांच्यात कदमराई आणि रेणुराई अशा परंपरा आहेत, पहिल्या तुळजाभवानीच्या, दुसऱ्या माहूरच्या रेणुकेच्या. वाघ्या मात्र नवसाने देवाला वाहिलेला असतो, तो कुठल्याही समाजातला असू शकतो. मुलींनाही असंच मुरळी म्हणून देवाला सोडलं जाई. त्यात अनेकींच्या आयुष्याची परवड झाली, हे लपवण्यात अर्थ नाही. मुंबई प्रांतात १९३४ साली मुली देवाला वाहण्याविरुद्ध कायदा झाला. आज पार्टीतली मुरळी बहुतेकदा पोटापाण्यासाठी ही कला करणारी कलावंत असते. तिच्याकडे मध्यरात्री सिनेमाच्या गाण्यांची फर्माईश करणाऱ्या मंडळींचा मला मनापासून राग येतो. पद ऐका, तिचा पदन्यास बघा, नाहीतर झोपायला जा.

वर्षाचं पंचांगही दोन दैवतांचं वेगळं आहे. खंडोबाचं षड्रात्र मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून चंपाषष्ठीपर्यंत, तेव्हा वांग्याचं भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य. सोमवती अमावस्येला जेजुरीची पालखी कऱ्हेवर स्नानाला जाते. देवीचं नवरात्र आश्विनात, त्याआधी तुळजापूरला देवीची निद्रा असते. घरचं जागरण किंवा गोंधळ या तिथींना अडत नाही, तो लग्न, नवस, घरभरणी याला जोडून होतो.

मग दोन्ही एका रात्रीत करणं चूक का? अजिबात नाही. पुष्कळ घरांत कुलदैवत जेजुरीचा खंडोबा आणि कुलस्वामिनी तुळजापूरची भवानी असते, तिथे दोन्ही ऋण फेडायची असतात आणि पाहुणे दोनदा जमत नाहीत. काही गावांत तर एकच मंडळी दोन्ही करतात. पण माझा आग्रह आहे की चौक दोन मांडा. एक उठवल्याशिवाय दुसरा बसवू नका. आधी कोणतं करायचं हे घरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, पार्टीवाल्याला नव्हे, कारण ती रीत घराघरात वेगळी असते. आणि पार्टी ठरवताना तीन तासांत दोन्ही आटपून देतो म्हणणाऱ्याला नकार द्या. तीन तासांत आवाहन होईल, एखादं पद होईल, तळी उचलली जाईल. बाणाईपर्यंत कथा पोहोचणार नाही आणि लंगर तर रात्रीच्या अकरालाच उरकला जाईल.