पीआयपीचं पत्र आलं कुठून?

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या ऐरोली, महापे, घणसोलीच्या आयटी पार्कांमध्ये वार्षिक रेटिंग लागलं की पुढच्या काही आठवड्यांत एखाद्याच्या कॅलेंडरमध्ये मॅनेजर आणि एचआर अशा दोघांची एकत्र मीटिंग येऊन बसते. तिथे हातात पडतं ते पीआयपीचं पत्र, म्हणजे कामगिरी सुधारण्याची योजना. तीस, साठ किंवा नव्वद दिवसांची मुदत, चार-पाच उद्दिष्टं, दर आठवड्याचा आढावा आणि खाली सहीची जागा. ‘त्याला पीआयपीवर टाकलंय’ हे मग कँटीनमध्ये हळू आवाजात बोललं जातं.

या पत्राचं नावसुद्धा आपल्या कामगार कायद्यांत नाही. ज्या देशातून ते आलं तिथे मात्र त्याच्यामागे कायदा होता, आणि तो मुळात कर्मचाऱ्याच्या बचावासाठी होता. अमेरिकी सरकारी नोकरांसाठी १९५० मध्ये झालेल्या कायद्याने कामाच्या तीन श्रेणी ठरवल्या: उत्कृष्ट, समाधानकारक, असमाधानकारक. तिसरी श्रेणी देण्याआधी नव्वद दिवसांची पूर्वसूचना आणि सुधारण्याची वाजवी संधी देणं बंधनकारक होतं. १९७८ च्या सुधारणेत व्यवस्था बदलली, पण गाभा तोच राहिला. कमी कामगिरीसाठी काढायचं तर आधी सुधारण्याची संधी आणि काढण्यापूर्वी तीस दिवसांची नोटीस.

खासगी कंपन्यांचं तसं नव्हतं. तिथे मालक कधीही काढू शकत असे. मात्र १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने वंश, धर्म, लिंग यांवरून काढायला बंदी केली. १९७३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कर्मचाऱ्याने भेदभावाचा प्रथमदर्शनी पुरावा मांडला, की काढण्यामागचं रास्त कारण मालकाने सांगायला हवं. कारण सांगायचं तर तारखेसह कागद हवा. संधी देणारं पत्र इथे पुरावा जमवणारं पत्रही झालं.

१९८१ ते २००१ या काळात जॅक वेल्च यांच्या जनरल इलेक्ट्रिकने कर्मचाऱ्यांची वीस, सत्तर आणि दहा टक्के अशी वाटणी रूढ केली. तळाच्या दहा टक्क्यांनी जायचं. जगभरच्या कंपन्यांनी ही पद्धत उचलली. आपल्याकडे ती ‘बेल कर्व्ह’ म्हणून ओळखली जाते. तळाला किती माणसं हवीत हे आधी ठरतं आणि त्यांच्या उणिवा नंतर लिहिल्या जातात. अशा ठिकाणी सुधारणेची योजना नावापुरती उरते, आणि हा या कागदाच्या इतिहासातला सगळ्यात वाईट बदल आहे.

ठाण्याची परंपरा अगदी वेगळी. एमआयडीसी १९६२ मध्ये स्थापन झाली, वागळे इस्टेट ही तिची सुरुवातीची वसाहत. मग ठाणे-बेलापूर रस्त्यालगत कारखान्यांची रांग उभी राहिली. तिथे १९४६ च्या कायद्याखालचे स्थायी आदेश, म्हणजे नोकरीच्या अटींचे लेखी नियम, लागू होते. गैरवर्तन कशाला म्हणायचं याची त्यांत यादी होती. त्यासाठी काढायचं तर मेमो, चार्जशीट, खुलासा, मग इन्क्वायरी, तिथे साक्षीदारांची उलटतपासणी, अशी वाट चालावी लागे. १९७१ च्या दुरुस्तीने कामगार न्यायालयाला शिक्षा कमी करण्याचाही अधिकार मिळाला. त्याच वर्षी महाराष्ट्राने अनुचित कामगार प्रथांविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. शिवाय १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी अधिकाऱ्याच्या प्रकरणात स्पष्ट केलं की नुसती अकार्यक्षमता म्हणजे गैरवर्तन नव्हे. म्हणून ‘काम कमी पडतं’ एवढ्यावर चार्जशीट टिकत नसे. जाणूनबुजून मंदगतीने काम केलं किंवा वारंवार हलगर्जीपणा केला, हे सिद्ध करावं लागे. पळवाट होतीच: वर्षभराच्या सेवेचे हक्क लागू नयेत म्हणून टेंपररी कामगाराला २४० दिवस भरण्याआधी ‘ब्रेक’ द्यायचा.

महाप्याचं मिलेनियम बिझनेस पार्क आणि ऐरोलीचं माइंडस्पेस उभं राहिलं. २००४ मध्ये ठाणे-वाशी लोकल सुरू झाली आणि पार्कांत पोचणं सोपं झालं. परदेशी क्लायंट आणि मूळ कंपन्या यांच्याबरोबर एचआरची नियमपुस्तिका आली आणि तिच्यातून पीआयपी. चार्जशीटची भाषा गेली, ‘कोचिंग’ आणि ‘सपोर्ट’ची आली.

भाषा बदलली तरी इथला कायदा लागू आहे, आणि हेच अनेकांना माहीत नसतं. तांत्रिक, कारकुनी किंवा प्रत्यक्ष कामकाज चालवणाऱ्या माणसाला ‘कामगार’ ठरायला पगाराची मर्यादा नाही. मर्यादा आहे ती देखरेखीच्या कामाला: २०१० पासून दहा हजार रुपये, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत अठरा हजार. व्यवस्थापकीय काम करणारा मात्र बाहेर. पण व्हिजिटिंग कार्डावर मॅनेजर छापल्याने कोणी मॅनेजर होत नाही. मुख्य काम कोणतं ते पाहायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये सांगितलं आहे. जो दिवसभर कोड लिहितो, टेस्टिंग करतो, ज्याला कुणाची रजा मंजूर करायचा किंवा रेटिंग ठरवायचा अधिकार नाही, त्याची बाजू पदनामावरून वाटते त्यापेक्षा भक्कम असते.

‘कपात’ (रिट्रेंचमेंट) हा शब्द १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातून चालत आला. शिस्तभंगाची शिक्षा सोडून मालकाने कोणत्याही कारणाने नोकरी संपवली तर ती कपात, असा व्यापक अर्थ पाच न्यायाधीशांच्या पीठाने १९९० मध्ये पक्का केला. पीआयपीत नापास झाला म्हणून काढलेला कामगारही त्यात येतो. वर्षभर सलग सेवा झाली असेल, म्हणजे बारा महिन्यांत २४० दिवस भरले असतील, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. नव्या संहितेत पुनर्कौशल्य निधीतून, म्हणजे काढलेल्याला नवं कौशल्य शिकता यावं यासाठीच्या निधीतून, आणखी पंधरा दिवसांचा पगार पंचेचाळीस दिवसांत जमा व्हायचा आहे. स्वतःहून दिलेला राजीनामा मात्र कपात ठरत नाही. पीआयपीच्या शेवटच्या आठवड्यात ‘तुम्हीच पेपर टाका, रेकॉर्ड स्वच्छ राहील’ हे इतक्या आग्रहाने का सांगितलं जातं, ते इथे समजतं.

म्हणून पत्र मिळालं की आधी उद्दिष्टं वाचावीत. ‘ओनरशिप दाखवा’ हे मोजता येत नाही. ‘तुमच्याकडे आलेली तिकिटं (सिस्टिमवर नोंदलेल्या तक्रारी) अठ्ठेचाळीस तासांत बंद करा, परत उघडलेली पाच टक्क्यांच्या आत’ हे मोजता येतं. मोघम उद्दिष्टासाठी मोजमाप काय, कोण मोजणार, हे त्याच दिवशी मेलवर विचारावं. दुसरी नेहमीची अडचण म्हणजे उद्दिष्ट दुसऱ्याच्या हातात असणं: क्लायंटच्या सिस्टिमचा ॲक्सेस तीन आठवडे मिळत नाही आणि मुदत मात्र चालू राहते. ॲक्सेस मागितल्याची आणि मिळाल्याची तारीख नोंदवावी, तेवढी मुदत वाढवून मागावी.

सही म्हणजे कबुली नव्हे, पण पत्रात तसं छापलेलं नसेल तर ‘पत्र मिळाले, मजकूर मान्य नाही, उत्तर स्वतंत्र पाठवत आहे’ असं लिहून तारीख टाकावी. सही नाकारून विशेष काही साधत नाही. पत्र तसंही मेलने येतं. उत्तरात आधीच्या वर्षांची रेटिंग, कौतुकाच्या मेलच्या तारखा आणि मॅनेजर बदलल्याची तारीख यावी. सलग तीन वर्षं चांगलं रेटिंग आणि नवा मॅनेजर आल्यावर दोन महिन्यांत पीआयपी, हा क्रम तारखांतूनच दिसतो.

आढावा झाला की त्याच संध्याकाळी चार ओळींचा मेल: काय ठरलं, काय पूर्ण झालं, कशावर हरकत घेतली. आढावाच रद्द झाला तर तेही. ऑफिसच्या फायली किंवा क्लायंटचा डेटा घरच्या मेलवर पाठवू नये. तो गोपनीयतेचा भंग ठरतो, आणि ज्याच्यावर गैरवर्तनाचा ठपका नव्हता त्याच्यावर तो आयता बसतो. स्वतःला आलेली पत्रं, पगाराच्या स्लिपा, नेमणूकपत्र एवढं जपावं.

राजीनामा मागितला गेला तर मागणी लेखी द्या म्हणावं आणि उत्तराला दोन दिवस मागावेत. जायचंच ठरलं तर नोटीस पे, शिल्लक रजांचे पैसे, रिलीव्हिंग लेटरचा मजकूर हे सगळं राजीनाम्याचं बटण दाबण्याआधी मेलवर यावं. पाच वर्षं भरली असतील तर ग्रॅच्युइटीही. नव्या वेतन संहितेप्रमाणे काढलं असो की राजीनामा दिला असो, थकलेलं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं आहे. पंचेचाळीस दिवसांनी फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा सगळा हिशेब, हा जुना रिवाज वेतनापुरता आता चालत नाही.