वासोटा जंगल ट्रेक : गटाचे आयोजन व नेतृत्व

वासोटा ऊर्फ व्याघ्रगड हा सातारा जिल्ह्याच्या जावळी तालुक्यातला वनदुर्ग. सह्याद्रीच्या मुख्य धारेवर तो उभा आहे. पूर्वेला कोयनेचे खोरे आणि शिवसागर जलाशय, तर पश्चिमेला सरळ तुटलेले कडे आणि खाली खेड तालुक्यातील चोरवणे गाव. कोयना धरणाच्या पाण्याखाली खोऱ्यातली गावे गेली, उरलेल्या वस्त्या उठल्या आणि भोवतीचे रान पुन्हा दाटले. १९८५ मध्ये येथे कोयना अभयारण्य झाले. २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत कोयनेचा समावेश झाला. त्यामुळे वासोट्याची वाट आज व्याघ्र प्रकल्पातून, वनखात्याच्या परवानगीने आणि बहुधा पाण्यावरूनच चालावी लागते. सह्याद्रीतल्या इतर गडांवर गट नेण्याचा अनुभव असला, तरी इथले गणित वेगळे मांडावे लागते.

वाट

साताऱ्याहून कास पठारावरून बामणोलीला यायला गाडीने साधारण सव्वा ते दीड तास लागतो. बामणोलीच्या वनखात्याच्या कार्यालयात परवाना घेऊन बोटीने तास-दीड तासात मेट इंदवलीच्या काठावर उतरायचे. इथल्या चौकीवर नोंद आणि सामानाची तपासणी होते. थोडे चालल्यावर ओढा लागतो. तो ओलांडला की मारुतीचे जुने ठाणे आणि तिथून चढ सुरू. वाट बहुतेक झाडीतून जाते. आधी सौम्य आणि रुंद असते, मग दगडधोंड्यांची आणि अंगावर येणारी होते. वर गेल्यावर नागेश्वराकडे जाणारा फाटा फुटतो. पुढे कारवी आणि गवताचा टप्पा, पडझड झालेले दरवाजे आणि माथा. रमतगमत चालणाऱ्या गटाला काठापासून माथ्यापर्यंत अडीच तास लागतात, तरबेज गटाला दोन. माथ्यावर बिनछपराचे मारुतीचे मंदिर, महादेवाचे देऊळ, वाड्याची जोती, पाण्याचे टाके आणि चुन्याचा घाणा आहे. पश्चिमेकडे बाबूकडा आहे. त्याच्या अर्धवर्तुळासमोर जुना वासोटा दिसतो.

गडाचा उपयोग मुख्यतः कैदखाना म्हणून झाला. राजापूरच्या वखारीतले इंग्रज शिवकाळात इथे कैदेत होते. पेशवाईच्या उत्तरार्धात औंधच्या पंतप्रतिनिधींच्या बाजूने ताई तेलिणीने तो पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्याविरुद्ध लढवला. १८१८ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. कैद्यांना ठेवायला ही जागा का निवडली असेल, हे वाट चालताना आपोआप कळते. खालून वर यायला एकच सोयीची वाट आहे, आणि त्या वाटेवरून रात्री कोणी उतरू शकत नाही. गट नेणाऱ्याचीही हीच अडचण असते.

हंगाम व परवानगी

पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांसाठी बंद असते. साधारण ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून मेअखेरपर्यंत वाट खुली राहते. नक्की तारीख दरवर्षी वनखात्याकडून घ्यावी, मागच्या वर्षीच्या तारखेवर जाहिरात करू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. ऑक्टोबरात दगड शेवाळलेले असतात आणि जळवा असतात. मार्चनंतर वाटेवर पानांचा जाड थर साचतो. त्याखालचा घसारा दिसत नाही, उतरताना पाय सटकतो आणि मुख्य वाट व ढोरवाट सारखीच दिसू लागते. एप्रिल-मेमध्ये वाटेवर पाणी मिळेल असे धरून चालू नये.

परवान्यासाठी सर्वांच्या नावांची यादी आणि ओळखपत्रांच्या प्रती लागतात. प्रवेश शुल्क, कॅमेरा शुल्क आणि स्थानिक वाटाड्याचे मानधन वेगळे असते. बोट पूर्ण भाड्याने घ्यावी लागते, म्हणून नोंदणी बोटींच्या क्षमतेला जुळवून थांबवावी. बोट बारा माणसांची असेल, तर पंचवीस जणांच्या गटाला शेवटच्या एका माणसासाठी तिसरी बोट लागते. व्याघ्र प्रकल्पात मुक्काम आणि चूल पेटवणे यांना मनाई आहे. प्लॅस्टिकची प्रत्येक वस्तू मोजून तिच्यापोटी अनामत घेतली जाते आणि परतताना ती वस्तू दाखवल्यावर रक्कम परत मिळते. बामणोलीच्या हॉटेलातच सर्वांच्या पिशव्या उघडायला लावून वेफर्स, बिस्किटे वगैरे डब्यांत काढून घेतली, तर चौकीवरचा अर्धा तास वाचतो. व्यावसायिक आयोजकांनी राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. सहभागींची आरोग्यविषयक माहिती, संमतीपत्र आणि विमा ही कागदपत्रे त्यातच येतात.

वेळेचे गणित

परतीची बोट हा या ट्रेकचा कणा आहे. अंधार पडण्याआधी पाणी ओलांडावेच लागते आणि वनखातेही संध्याकाळी सर्वांना बाहेर काढते. वेळापत्रक म्हणून उलटे, म्हणजे शेवटापासून मांडावे. संध्याकाळी साडेपाचला बामणोली, म्हणजे चारला बोटीत. उतरायला दोन तास आणि वर अर्धा तास राखीव, म्हणजे माथ्यावरून दीड वाजता निघणे. माथ्यावर जेवण आणि फेरीला तास-सव्वा तास धरला, तर सव्वाबाराला वर. म्हणजे पावणेदहाच्या आत ओढा ओलांडलेला हवा आणि सव्वाआठच्या सुमारास बोट सुटलेली हवी. दीड वाजता गटातला माणूस जिथे असेल तिथून परत फिरेल, हा नियम बोटीत बसण्यापूर्वी सर्वांना सांगावा. माथा पंधरा मिनिटांवर दिसत असताना हा नियम पहिल्यांदा ऐकवला, तर तो कोणीही मानत नाही.

वेळ सर्वांत जास्त जातो तो जंगलात नव्हे. परवान्याच्या रांगेत, नाश्त्याला आणि बोटीत चढण्याच्या गोंधळात तो सकाळीच निघून जातो. शनिवार-रविवारी तर फारच. यादी आणि ओळखपत्रांच्या प्रती घेऊन एका लीडरने कार्यालय उघडण्याआधी रांगेत उभे राहावे. बाकीच्यांनी तोवर पोहे-चहा उरकून घ्यावा.

मुंबई-पुण्याहून रात्रभर बसने येऊन सकाळी थेट चढायला लागण्याची पद्धत रूढ आहे, पण ती चांगली नाही. झोप नाही, शौचाला नीट झालेले नाही, आणि लघवीला थांबावे लागू नये म्हणून बसमध्ये पाणीही प्यायलेले नाही, अशी माणसे चढावर अकरा वाजताच गळतात. आदल्या संध्याकाळी बामणोली किंवा परिसरात मुक्कामाला यावे. खर्च थोडा वाढतो, पण दमणुकीच्या बहुतेक तक्रारी त्यानेच संपतात.

एकाच दिवसात वासोटा आणि नागेश्वर असा जोडट्रेक जाहिरातीत आकर्षक वाटतो. नागेश्वराची गुहा दक्षिणेला धारेवर आहे आणि महाशिवरात्रीला कोकणातून भाविक तिथे चढून येतात. पण ती जोडली तर दोन-तीन तास वाढतात. पहिल्या बोटीने आलेला, आठ-दहा जणांचा, एकाच दमाचा गट असेल तरच ती घ्यावी. चोरवण्याला उतरण्याचा बेत असेल, तर दोन्ही बाजूंची परवानगी, खाली थांबलेली गाडी आणि तो उतार पायाखालचा असलेला वाटाड्या या तिन्ही गोष्टी हव्यात.

गट चालवण्याची रीत

वीस-पंचवीस जणांमागे किमान तीन लीडर असावेत : पुढे एक, शेवटी एक आणि मध्ये फिरता एक. वाटाड्या पुढच्याबरोबर असावा. सर्वांत अनुभवी लीडर शेवटी ठेवावा. दमलेला, पाय मुरगळलेला, घाबरलेला माणूस शेवटीच सापडतो आणि निर्णय तिथेच घ्यावे लागतात. नवशिक्या आयोजकांची नेमकी इथेच चूक होते. सगळ्यांत तगडा माणूस पुढे धावतो आणि मागे नवखा स्वयंसेवक अडकून पडतो.

पुढच्याची चाल शेवटच्या माणसाच्या चालीवर ठरते. गट लांबला की एक अन्याय नकळत घडतो. पुढचे दहा मिनिटे बसतात, मागचे धापा टाकत पोचतात आणि ते दिसताच पुढचे उठून चालू लागतात. ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. विश्रांतीची मिनिटे म्हणून शेवटचा माणूस बसल्यापासून मोजावीत. पन्नास मिनिटे चाल आणि सात-आठ मिनिटे थांबा हा बेत साधारण जमतो. पहिला थांबा मात्र वीस मिनिटांतच घ्यावा : बुटाच्या नाड्या, पाठपिशवीचे पट्टे, जास्तीचे कपडे, आणि कोणाचा चेहरा आताच उतरला आहे ते पाहणे.

मोजणीसाठी प्रत्येकाला क्रमांक द्यावा आणि त्याने तो स्वतः ओरडून सांगावा. लीडरने डोकी मोजली तर चुकतात, कारण माणसे हलत असतात. बोटीत चढताना, काठावर उतरल्यावर, ओढ्यावर, फाट्यावर, दरवाज्यात, माथा सोडताना आणि परतीच्या बोटीआधी मोजणी झालीच पाहिजे. नागेश्वराच्या फाट्यावर शेवटचा माणूस पुढे जाईपर्यंत एक लीडर उभा राहतो. चढताना तो उभा असतो, परतताना मात्र कोणी उभे राहत नाही, आणि म्हणूनच उतरताना माणसे चुकतात. लघवीला जाणाऱ्याने पाठपिशवी वाटेवरच ठेवून जावे, म्हणजे शेवटच्या लीडरला कळते की आत कोणीतरी आहे.

प्रत्येकाकडे शिट्टी असावी. संकटाची खूण एका मिनिटात सहा शिट्ट्या, उत्तर तीन. चुकल्यासारखे वाटले तर जागेवर थांबायचे आणि शिट्टी वाजवायची. उतारावर खाली-खाली गेले की पाणी लागेल हा समज इथे धोक्याचा आहे. ओढ्याची घळ दाट आणि निसरडी असते आणि मधेच कड्यावर तुटते.

सामान

माणशी तीन लिटर पाणी, मार्चनंतर चार. ते निघतानाच भरलेले असावे. ओढ्याचे पाणी गाळून आणि शुद्ध करूनच प्यावे. जेवणाला पोळी-भाजी, ठेपले, दाण्याची चटणी यांसारखे न आंबणारे पदार्थ. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पूर्ण विजार असावी, कारण वाटेच्या कडेला खाजकुइली असते आणि गुरांच्या-गव्यांच्या वाटांवर गोचीड चढतात. खाजकुइली लागली तर चोळू नये. चिकटपट्टी लावून उपटावी, मग धुवावे. पकड असलेले बूट आणि लहान टॉर्च दिवसाच्या ट्रेकलाही लागतात. लीडरांच्या सामानात प्रथमोपचार पेटी, ओआरएसच्या दहा-बारा पुड्या, तीसेक मीटर दोर, दोन फळ्या-पट्ट्या, जाड चादर आणि एक रिकामे पोते असावे. पोते आणि दोन काठ्या यांचा झोळीसारखा स्ट्रेचर होतो.

काय बिघडते

सर्वांत जास्त वेळा होतो तो उष्म्याने आणि पाणी कमी पडल्याने आलेला गळाठा. डोके दुखणे, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, चिडचिड ही सुरुवात. सावलीत झोपवून पाय उंच करावेत आणि एका लिटरला एक पुडी या प्रमाणात ओआरएस घोटघोट द्यावे. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापले तर तो उष्माघात आहे. अंगावर पाणी ओतून वारा घालत तातडीने खाली न्यावे. नुसते साधे पाणी भराभर ढोसणेही घातक आहे, त्याने अंगातले मीठ आणखी पातळ होते.

सर्वांत गंभीर धोका मधमाश्यांचा. कड्यांच्या पोटात आग्या मोहोळे असतात. धूर, अत्तर, बाबूकड्यावरून आरोळी देऊन प्रतिध्वनी ऐकण्याची हौस आणि दगड भिरकावणे यांनी ती उठतात. हल्ला झाला तर हात झटकत उभे राहू नये. चेहरा झाकून दाट झाडीतून दूर पळावे, पळणे शक्य नसेल तर चादर ओढून निपचित पडावे. डंख नखाने किंवा कार्डाने खरवडून लगेच काढावा. दहा-वीसहून अधिक डंख, घसा आवळणे, अंगभर पित्त, चक्कर यांपैकी काहीही दिसले तर रुग्णालयच.

सापांत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावर भारतात मिळणारी प्रतिसर्पविष लस चालते. झाडावरच्या हिरव्या चापड्यावर ती लागू पडत नाही, मात्र त्याचा दंश सहसा जीवघेणा नसतो. दंशानंतर आवळपट्टी, चीर, शोषणे, बर्फ यांपैकी काही करू नये. अंगठ्या-कडी काढावीत, अवयव फळीने स्थिर करावा आणि रुग्णाला चालू न देता उचलून न्यावे. एका माणसाला झोळीतून उतरवायला आळीपाळीने आठ-दहा जण लागतात आणि तासाभराच्या वाटेला तीन तास जातात. त्यावर बोट आणि रस्ता. हे लक्षात ठेवून धडधाकट माणूस आधीच पुढे पाठवून बोट तयार ठेवावी आणि वनरक्षकामार्फत रुग्णवाहिकेला बामणोलीला बोलवावे. मोबाइलच्या रेंजवर अवलंबून राहू नये. मोठ्या अपघातात महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरमार्फत जवळचे बचाव पथक मिळते.

गवा वाटेत दिसला तर थांबावे, सर्वांना एकत्र घ्यावे आणि त्याला निघून जाऊ द्यावे. एकट्या नराला जास्तच जागा द्यावी. अस्वलाचा संभव पहाटे आणि तिन्हीसांजेला अधिक. उशीर झालेला गट म्हणूनच दुहेरी अडचणीत येतो. बोलत, एकमेकांच्या जवळ चालणाऱ्या गटाच्या वाटेला अस्वल सहसा जात नाही.

बाबूकड्यावर कठडा नाही. कड्याच्या काठापासून तीन-चार मीटर आत एक लीडर उभा करून त्याच्या पुढे कोणालाही जाऊ देऊ नये. फोटोसाठीही पाच-पाच जणांनाच त्याच्यापर्यंत घ्यावे आणि तिथे बसवावे. एप्रिल-मेमध्ये तिथले वाळलेले गवत काचेसारखे घसरते.

परतल्यावर

बामणोलीला पुन्हा मोजणी, अनामतीची वसुली आणि वनखात्याच्या वहीत बाहेर पडल्याची नोंद. नोंद राहिली तर रात्री शोध सुरू होण्याची वेळ येते. जळवांच्या, गोचिडांच्या खुणा सर्वांनी इथेच तपासाव्यात. गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी. पुढच्या आठ-दहा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचे आणि गोचीड चावल्याचे जरूर सांगायला सहभागींना बजावावे. शेवटची तपासणी गाडीच्या चालकाची करावी : दिवसभर गट जंगलात असताना तो झोपला होता का, हे विचारावे. झोपला नसेल तर अंधारात कासच्या पठारावरून साताऱ्याला उतरणारा घाट त्याने घेऊ नये, गटाने बामणोलीलाच जेवून त्याला दोन-तीन तास पडू द्यावे.