क्रुसेडर किंग्ज ३: इतिहास चुकला, की नुसता वेगळा घडला?

‘क्रुसेडर किंग्ज ३’ हा मध्ययुगातलं राजघराणं चालवायचा संगणकीय खेळ. त्यावर दोन आक्षेप कायम येतात. एक म्हणतो, ‘माझ्या खेळात नॉर्वेच्या राजाने इंग्लंड घेतलं, हा कसला इतिहास?’ दुसरा म्हणतो, ‘दख्खनच्या राजांना फ्रान्सच्या सरंजामदारांचे कायदे कशाला?’ दोघेही खेळाला अनैतिहासिक ठरवून मोकळे होतात. पण पहिल्या आक्षेपात काही दम नाही. दुसऱ्यात आहे, आणि तो पहिल्याच्या गोंगाटात हरवतो.

पहिला आधी निकालात काढू. खेळाची एक सुरुवात १५ सप्टेंबर १०६६ ची आहे. त्या दिवशी इंग्लंडच्या गादीवर हॅरॉल्ड, उत्तरेकडून नॉर्वेचा हाराल्ड चालून आलेला, आणि इंग्लिश खाडीपलीकडे नॉर्मंडीचा विल्यम जहाजं घेऊन वाऱ्याची वाट बघतोय. पुढे २५ सप्टेंबरला उत्तरेत स्टॅमफर्ड ब्रिजवर हॅरॉल्डशी लढताना हाराल्ड मारला गेला. तीन दिवसांत विल्यम दक्षिणेला उतरला आणि १४ ऑक्टोबरला हेस्टिंग्जला जिंकला. वारा पंधरा दिवस आधी फिरला असता, तर हॅरॉल्डची फौज उत्तरेऐवजी दक्षिणेत विल्यमच्या समोर आली असती. तेव्हाच कोणाला खात्री नव्हती, तर खेळाने विल्यमलाच का जिंकवावं? खेळाची जबाबदारी पहिल्या दिवसापुरती: कोण कुठे राज्य करतोय, कोणाचा कोणाशी तंटा आहे. त्यानंतर जन्मणारी माणसं कल्पितच असणार. १०६६ पासून खेळायला बसलात तर देवगिरीचा रामदेवराव जन्माला येत नाही, ज्ञानेश्वरही नाहीत. यात गैर काही नाही. (आधीच्या भागाच्या एका जोडपुरवणीत तर मेक्सिकोतले अॅझ्टेक लोक समुद्र ओलांडून युरोपवर चालून यायचे. ती उघड थट्टा होती, हवी त्याने घ्यावी.)

आता दुसरी गोष्ट, कारभाराची. घटना जशाच्या तशा घडोत न घडोत, त्या काळी ज्या कारणांनी त्या घडायच्या ती कारणं खेळात आहेत का?

त्याच १०६६ साली कल्याणीला (आजचं बसवकल्याण) चालुक्यांचा पहिला सोमेश्वर राज्य करत होता. १०६८ मध्ये असाध्य आजाराला कंटाळून त्याने तुंगभद्रेत देह ठेवला. गादी थोरल्याला, म्हणजे दुसऱ्या सोमेश्वराला मिळाली. धाकटा विक्रमादित्य गप्प बसणारा नव्हता. त्याने चोळ राजा वीरराजेंद्राची मुलगी करून सासऱ्याचं बळ मिळवलं, सेउणदेशाच्या यादवांसारखे मांडलिक आपल्याकडे वळवले, १०७६ मध्ये भावाला हटवलं आणि स्वतःच्या नावाचा शकही सुरू केला. हा खेळ खेळणाऱ्याला हे वाचताना ओळखीचं वाटेल: सोयरीक करून सैन्य मिळवणं, नाराज व्हॅसल, म्हणजे मांडलिक, गोळा करणं, गादीवर हक्क सांगणारा गट उभा करणं. खेळात १०७६ साल असंच उजाडणार नाही, पण ही चाल अस्सल आहे. माझ्या मते खेळाचं खरं यश इथे आहे, नकाशातल्या नावांत नाही.

आणि फसतो तोही इथेच. खेळात सुरुवातीला बहुतेक राजांना वाटणीचा कायदा लागू असतो. बाप मेला की मुलांत मुलूख वाटायचा, आणि सगळं थोरल्याला देण्याची सोय उत्तर मध्ययुगात. फ्रँक सम्राट शार्लमेनच्या नातवांनी ८४३ मध्ये व्हेर्दंच्या तहात साम्राज्य तीन ठिकाणी वाटून घेतलं, त्या परंपरेला हा कायदा चपखल बसतो. चालुक्यांकडे तसं नव्हतं. थोरला युवराज, आणि धाकटे एखाद्या प्रांताचा कारभार बघायचे. विक्रमादित्याला वाट्याचं वेगळं राज्य नको होतं, अख्खी गादी हवी होती. आपोआप वाटणी करून खेळ त्या भांडणाचं मूळच बोथट करतो.

धर्माच्या बाबतीत घोटाळा आणखी मोठा. खेळाची आणखी एक सुरुवात ८६७ ची. तेव्हा मान्यखेटला राष्ट्रकूट अमोघवर्ष होता, जैन आचार्य जिनसेनांना गुरू मानणारा. ८७१ च्या संजाण ताम्रपटात त्याच राजाबद्दल लिहिलंय, की लोकांवरचं अरिष्ट टळावं म्हणून त्याने डाव्या हाताचं बोट महालक्ष्मीला वाहिलं. खेळात मात्र एका माणसाला एकच पंथ. बदलायचा तर पुण्याईचे गुण खर्चून जुना सोडायचा. पूर्वेकडच्या पंथांना खेळ एकमेकांशी बराच सौम्य ठेवतो हे मान्य, पण शेजाऱ्याच्या देवाला सहन करणं वेगळं आणि त्याच्यापुढे स्वतःचं बोट कापून ठेवणं वेगळं. अमोघवर्षाचं नाव आणि राज्याच्या सीमा कितीही बिनचूक भरल्या, तरी असा राजा त्या एका चौकटीत मावत नाही, आणि मॉडमध्ये, म्हणजे खेळाडूंनी स्वतः केलेल्या बदलांत, नावं-तारखा दुरुस्त करत बसणाऱ्यांनी आधी या चौकटीला हात घालावा.