'खालसा' : महसुलातून राजकारणात गेलेला शब्द

कोल्हापूरजवळ करवीर तालुक्यात दोन सडोल्या आहेत. एक सडोली खालसा, दुसरी सडोली दुमाला. पाटी वाचून बाहेरचा माणूस पहिल्या गावात गुरुद्वारा शोधू लागला तर नवल नाही. पण हा खालसा महसूल खात्यातला.

मूळ अरबी 'खालिस' म्हणजे निर्भेळ. मोगल अमलात ज्या जमिनीचा वसूल जहागीरदाराकडे न जाता थेट बादशाही खजिन्यात पडे, ती 'खालिसा'. मराठी दप्तरांनी तोच अर्थ उचलला. वसूल सरळ सरकारजमा होतो ते गाव खालसा. इनामदाराला किंवा देवस्थानाला लावून दिलेलं ते दुमाला. गुरू गोविंदसिंगांनी १६९९ मध्ये स्थापलेल्या खालसा पंथाचं नावही याच मुळातलं. 'मधल्या मसंदांविना (गुरूंच्या वतीने भेटी गोळा करणाऱ्या प्रतिनिधींविना) थेट गुरूंचे' असा त्याचा अर्थ काही अभ्यासक लावतात. मला तो पटतो.

तर दुमाला गाव सरकारने काढून घेतलं की ते 'खालसा केलं'. म्हणजे आपणच दिलेलं आपल्याकडे परत. गोम इथेच आहे. कंपनीचा गव्हर्नर जनरल डलहौसी याने दत्तक नामंजूर करून १८४८ मध्ये सातारा घेतला, १८५४ मध्ये नागपूर आणि झाशी. मराठीत या सगळ्याला 'संस्थान खालसा झालं' असंच म्हणतात. साताऱ्यापुरतं ते कागदावर तरी बसतं, कारण १८१९ च्या तहाने प्रतापसिंहांना ते राज्य कंपनीनेच दिलं होतं. नागपूरची गादी काही कंपनीची देणगी नव्हती. १८१८ मध्ये अप्पासाहेबांना काढून तिने तिसऱ्या रघूजींना बसवलं, एवढ्याच भांडवलावर हक्क सांगितला गेला. अवधला तर वारसाचा प्रश्नच नव्हता. तिथे १८५६ मध्ये गैरकारभाराचं निमित्त झालं. तरी आपण 'अवध खालसा' म्हणतोच, आणि न कळत कंपनीच्या वकिलासारखे बोलतो. 'बळकावलं' म्हटलं असतं तर हिशेब चुकला नसता.

१ मार्च १९४९ ला कोल्हापूर मुंबई राज्यात गेलं तेव्हा कागदोपत्री शब्द आला 'विलीनीकरण'. जुन्या संस्थानी मुलखातली म्हातारी माणसं मात्र 'संस्थानं खालसा झाली' असंच सांगत.

बहुतेक इनामं गेली, दुमाला ही भानगड जवळजवळ संपली. दोन्ही सडोल्यांचा शेतसारा आता एकाच सरकारात जमा होतो. पाट्या तेवढ्या तशाच आहेत.